आतड्याचा निरोप, हृदयाचं औषध

• जेवण आतड्यात उतरलं की तिथल्या एल-पेशी जीएलपी-1 नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. साखर चढलेली असेल तर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावायचं, जठर सावकाश रिकामं होऊ द्यायचं आणि ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूपर्यंत पोचवायचा, ही त्याची कामं. आयुष्य मात्र जेमतेम दोन मिनिटांचं. डीपीपी-4 हे विकर त्याचा लगेच फडशा पाडतं.

• टिकाऊ औषधाची वाट दाखवली ती गिला मॉन्स्टर या अमेरिकेतल्या विषारी सरड्याने. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषात एक्सेंडिन-4 सापडलं. काम जीएलपी-1सारखंच, पण तासन् तास टिकणारं. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड 2005 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे आलेल्या सेमाग्लुटाइडच्या रेणूला मेदाम्लाची साखळी जोडलेली आहे. ती रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते, म्हणून आठवड्याला एकच इंजेक्शन पुरतं.

• हृदयाचा विषय आला तो शंकेपोटी. मधुमेहाच्या रोझिग्लिटाझोन या औषधामुळे हार्ट अटॅक वाढतात की काय, असा प्रश्न उभा राहिल्यावर 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधुमेहाच्या नव्या औषधांना हृदयाच्या सुरक्षिततेचा पुरावा मागायला सुरुवात केली. त्यातूनच 9,340 मधुमेहींवर जीएलपी-1च्याच कुळातल्या लिराग्लुटाइड या औषधाची ‘लीडर’ चाचणी झाली. 2016 मध्ये निकाल आला: हृदयाला अपाय तर नाहीच, उलट हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण 13 टक्क्यांनी कमी.

• 2023 ची ‘सिलेक्ट’ चाचणी त्याही पुढची. यातल्या 17,604 जणांना मधुमेह नव्हता. वजन जास्त होतं आणि हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीच झालेला होता. सुमारे सव्वातीन वर्षांत नुसतं सोंगऔषध घेणाऱ्या शंभरांतल्या 8 जणांच्या बाबतीत हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही घडलं, सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत साडेसहा जणांच्या. म्हणजे 67 जणांनी औषध घेतलं तर एकाचा मोठा धोका टळतो. आकडा लहान वाटेल, पण स्टॅटिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना वर मिळालेला हा फायदा आहे.

• वजन फारसं उतरायच्या आधीच हा फरक दिसू लागला होता. शरीरातला दाह कमी होणं हे त्याचं एक कारण असावं. म्हणूनच याला ‘बारीक होण्याचं इंजेक्शन’ म्हणणं मला पटत नाही.

• ‘डोक्यात सारखं खाण्याचंच चालायचं, ते थांबलं,’ असं औषध घेणारे सांगतात. लठ्ठ माणसाला आजवर आपण आळशी, खादाड म्हणत आलो. भुकेमागे संप्रेरकं असतात, हे आता तरी मान्य करावं.

• सेमाग्लुटाइडची गोळीही आहे. रिकाम्या पोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास काहीही नाही. सकाळचा पहिला चहासुद्धा नंतरच.

• इंजेक्शन 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू करून महिन्या-महिन्याने वाढवतात. घाई केली की मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ. पित्ताशयातले खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह हेही धोके आहेत. चरबीबरोबर स्नायूही झडतात, तेव्हा डाळी-कडधान्यं, अंडी आणि थोडं वजन उचलण्याचा व्यायाम हवाच.

• औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत येतं, असं एका मोठ्या चाचणीत दिसलं. रक्तदाबाच्या गोळीसारखाच दीर्घकाळचा हिशोब धरायला हवा.

• भारतात सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च 2026 मध्ये संपली. स्वस्त औषध आधी कुणाला मिळावं? ज्यांना अटॅक येऊन गेला आहे आणि वजनही जास्त आहे, त्यांना. तुमच्या घरात असं कुणी असेल तर पुढच्या तपासणीत हृदयतज्ज्ञांना याबद्दल नक्की विचारा. आणि लग्नसराईआधी बारीक व्हायचं म्हणून चिठ्ठीशिवाय हे इंजेक्शन कृपा करून घेऊ नका.