दादाच्या लशीचं कोण बघणार?

वहिनी,

दादाला मायलोमाच्या कॅन्सरवरची बोर्टेझोमिबची इंजेक्शनं सोसतायत हे ऐकून हायसं वाटलं. लशींचं बोलणं मात्र फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, ‘घ्या की, हरकत नाही.’ गावातले डॉक्टर म्हणाले, ‘केमो चालू असताना मी सुई लावणार नाही, तिकडेच घ्या.’ आणि तिकडच्या ओपीडीत लस ठेवतच नाहीत! दोघंही भले आहेत, पण हे काम दोघांनाही दुसऱ्याचं वाटतं.

मी आरोग्यकेंद्रात नोकरी केली, तिथला थाट आठवा. बाळाचं कार्ड, ड्यू लिस्ट, सत्राच्या आदल्या दिवशी दारात आशाताई हजर. तुमच्या नातवाला न्यूमोनियाची पीसीव्ही लस अशीच फुकट मिळाली. 2017पासून ती टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि 2021मध्ये देशभर झाली. त्याच जंतूंचा दादाला मोठा धोका. मायलोमात शरीर बिनकामाची प्रथिनं भरमसाट बनवतं आणि कामाच्या अँटिबॉडी कमी पडतात. पण साठी ओलांडलेल्या माणसाचं कार्ड कुठे असतं? तशी, ठरवलं तर यादी होते. 2021च्या मार्चमध्ये 45 ते 59 वयाच्या सगळ्यांना कोविडची लस खुली नव्हती, पण कॅन्सरवर उपचार चालू असल्याचा डॉक्टरांचा दाखला असला की मिळत होती. फ्लू आणि न्यूमोनियासाठी तेवढी धावपळ कोणी केली नाही.

दादा म्हणतो, लशीनेच आजार झाला तर? ही भीती अगदीच खुळी नाही. गोवर-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लशींत दुबळे केलेले पण जिवंत विषाणू असतात, त्या त्याने या उपचारांत घ्यायच्या नाहीत. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकलची लस, हिपॅटायटिस बी, नागिणीची नवी लस यांत जिवंत काहीच नसतं. गावातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना एकाच माळेत ओवलंय.

खरं तर या लशी उपचार सुरू होण्याच्या दोन ते चार आठवडे आधी घेतल्या तर उत्तम. पण त्या दिवसांत तुम्ही बायोप्सीच्या रिपोर्टमागे आणि महात्मा फुले योजनेच्या कागदांमागे पळत होतात, लस कोणाला सुचणार? आणि सुचवायला हवं होतं ते तुम्हाला नव्हे, डॉक्टरांना. आताही वेळ गेलेली नाही. केमो चालू असतानाही या लशी देतात, फक्त असर थोडा कमी होतो. म्हणूनच फ्लूची लस तुम्ही आणि सूनबाईंनीही घ्या. घरात ताप शिरलाच नाही तर त्याच्यापर्यंत पोचायचा नाही.

नागिणीचं जरा सविस्तर सांगते. बोर्टेझोमिबवर असताना नागीण उठण्याचा धोका वाढतो, असायक्लोव्हिरची गोळी त्यासाठीच आहे. दादा ती ‘एवढ्या गोळ्या कशाला’ म्हणून बाजूला सारतो, हे मला सूनबाईंकडून कळलंय. सारू देऊ नका. अंगावर एका बाजूला आग आणि फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नागिणीची दोन्ही तोंडं मिळाली की माणूस जातो म्हणून लोक आधी मांत्रिकाकडे धावतात, आणि औषध ज्या पहिल्या तीन दिवसांत चांगलं लागू पडतं ते उतरवण्यात जातात. नागिणीची लस आपल्याकडे 2023मध्ये आली. दोन डोस, आणि एकेक डोस दहा हजारांच्या घरात. शेतकऱ्याच्या घरात हा आकडा ऐकून बोलणं तिथंच थांबतं.

पुढच्या खेपेला एवढं करा. कोणती लस, कधी, किती डोस, हे कॅन्सरच्या डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या, सहीसकट. नुसतं तोंडी ‘हरकत नाही’ नको. त्या आठवड्यातल्या प्लेटलेट कमी असतील तर सुईबद्दल आधी विचारा. ती चिठ्ठी दाखवली की गावातले डॉक्टर नाही म्हणायचे नाहीत. मेडिकलवाल्याला आधी सांगून ठेवा आणि लस बर्फाच्या पिशवीतूनच आणा. फ्लूची मात्र पावसाआधी उरका, पावसाळ्यात आपल्याकडे तापाची साथ वाढते.

नागिणीच्या लशीचे पैसे मी तुमच्या खात्यावर टाकते. दादाला सांगू नका, नाहीतर तो बैल विकायला निघेल.

तुमची,
नणंद