मिसिसिपीच्या तळ्यांवरची रात्रपाळी



नर्सच्या नोकरीत मी किती रात्री जागून काढल्या याचा हिशोब नाही. निवृत्त झाले आणि रात्रपाळी सुटली असे वाटले. पण गेल्या उन्हाळ्यात पुन्हा एक रात्र जागले, तीही माशांसाठी!

त्याचे असे झाले. माझा पुतण्या मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहरी राहतो. नोकरी सोडून मासे पाळायचे त्याने मनात घेतले. "आत्या, दोन तळी भाड्याने मिळतायत. तू थोडे पैसे घाल," म्हणाला. मी म्हटलं, "आधी दाखव, मग बोलू."

जॅक्सनहून निघून याझू सिटी मागे पडली की टेकड्या संपतात आणि डेल्टाचा सपाट मुलूख लागतो. हा एके काळचा कापसाचा प्रदेश. माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. १९६५ च्या सुमारास इथल्या शेतकऱ्यांनी कापसाच्या जोडीला तळी खणून कॅटफिश पाळायला सुरुवात केली. धंदा इतका वाढला की बेलझोनी गाव स्वतःला जगाची कॅटफिश राजधानी म्हणवू लागले. १९७६ पासून तिथे कॅटफिशची जत्रासुद्धा भरू लागली.

पुतण्याच्या ओळखीचा एक म्हातारा शेतकरी आम्हाला तळ्यांवर घेऊन गेला. तळी चार-पाच फूट खोल, मधून गाडी जाईल एवढे बांध. सोयाबीन आणि मक्याच्या गोळ्या यंत्राने पाण्यावर उडवतात. त्या तरंगतात, म्हणून मासे नीट जेवतात की नाही ते दिसते. रोग्याचे ताट पाहून आम्ही ओळखायचो, तसेच हे! मासा विकण्याजोगा व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. तोवर पैसा नुसता तळ्यात जातो, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास खाद्यावरच.

पण खरी गंमत रात्रीची. मुलांनो, ऐका. तळ्यातले हिरवे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेही श्वास घेते आणि माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी होतो. पहाटे तो सगळ्यात कमी असतो. म्हणून उन्हाळ्यात माणूस रात्रभर मीटर घेऊन बांधाबांधाने फिरतो. आकडा उतरला की पाणी घुसळणारी मोठी चाके सुरू करायची. एक डुलकी लागली तर सकाळी सगळे तळे पांढऱ्या पोटांनी भरलेले!

मासा वाढला तरी काम संपत नाही. कारखान्याचा माणूस आधी नमुन्याचा मासा शिजवून चाखतो. पाण्यातल्या काही सूक्ष्म जीवांमुळे मातकट चव आली असेल तर तो नको म्हणतो. मग चव सुधारेपर्यंत मासे तळ्यात ठेवून पोसायचे.

शेतकरी म्हणाला, त्याच्या आसपासची कितीतरी तळी आता पुन्हा शेते झाली आहेत. २००३ साली अमेरिकेतल्या कारखान्यांत ६६ कोटी पौंडांच्या आसपास कॅटफिश गेला. पुढे खाद्य महागले, व्हिएतनामहून स्वस्त मासा आला, आणि मिसिसिपीतली निम्म्याहून जास्त तळी बंद झाली.

परतताना मी पुतण्याला दुसरे विचारले. कॅटफिश म्हणजे आपल्या शिंगाळ्याच्या जातीचा, मिशावाला, खवले नसलेला. डेव्हिड रहाबीने पुढे ठेवलेल्या माशांतून आपल्या कोकणातल्या बायकांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. "जे घरात शिजवत नाही, ते विकणार का रे?"

तो म्हणाला, "तिलापियाला खवले आहेत, आत्या. पण तो उष्ण पाण्यातला. इथल्या थंडीत उघड्या तळ्यात मरतो. त्याला घरात टाक्या लागतील."

"म्हणजे जागरण आणखी जास्त!" मी म्हटलं.

पैसे अजून माझ्याकडेच आहेत. पुतण्या सध्या रविवारी रात्री त्या शेतकऱ्याकडे मीटर घेऊन फिरतो. मी त्याला सांगितले आहे, एक पुरा उन्हाळा जागून काढ, मग माझ्याकडे ये. आमच्या वॉर्डातही नवी मुलगी आली की तिला आधी रात्रपाळीच द्यायचे. टिकली तर ती नर्स.