आखाताकडील पगाराचें गणित

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आम्हीं वर्गांत अनेकदां समजावून सांगितली. परंतु तिचा अर्थ आम्हांस स्वतःस पुरतेपणीं कळण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागला.

गेल्या मे महिन्यांतील गोष्ट. एके सायंकाळीं आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह घरीं आली. इंग्रजी विषय घेऊन ती एम्. ए., बी. एड्. झाली आहे. तिच्या हातांत शारजा येथील एका शाळेचें नेमणुकीचें पत्र होतें. वडील बसतां बसतांच म्हणाले, "गुरुजी, महिन्याचे चार हजार दिरहम म्हणजे आपले शहाण्णव हजार होतात ना?" एका दिरहमास चोवीस रुपये धरले, तर गुणाकार बरोबर होता. ज्या मध्यस्थानें हें पत्र आणून दिलें, त्यास दीड लाख रुपये द्यावयाचे होते व त्यासाठीं कलमांची बाग गहाण टाकण्याचें घरांत जवळजवळ ठरलेंही होतें. पत्र एकदां गुरुजींच्या नजरेखालून जावें, एवढ्याचसाठीं तीं दोघें आलीं होतीं.

आम्ही त्यांस दोष देऊं शकलों नाहीं. आपल्या राज्यांत माध्यमिक शाळेवर नेमल्या जाणाऱ्या शिक्षणसेवकाचें मानधन २०२३ सालीं वाढवून महिना १८,००० रुपये करण्यांत आलें. विनाअनुदानित शाळेंत कित्येकांच्या हातीं तेवढेंही पडत नाहीं. अशा तरुण शिक्षिकेनें शहाण्णव हजारांचा आकडा पाहून समुद्राकडे पाहिलें, तर त्यांत नवल तें काय? शिवाय असाच एक गुणाकार करून २००६ सालीं आम्हीही गेलों होतों. आमचा पगार २,२०० दिरहम होता आणि त्या वेळीं दिरहमास बारा रुपयांच्या आसपास भाव मिळे.

वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल, कीं त्या किनाऱ्याशीं आपला संबंध जुना आहे. तेथील समुद्रांत काढलेलीं मोत्यें मुंबईच्या बाजारांत विकावयास येत. आपला रुपया तेथें व्यवहारांत चाले. इतका, कीं १९५९ सालीं भारत सरकारनें आखाती देशांसाठीं वेगळ्या नोटा काढविल्या. पुढें कुवेतनें १९६१ सालीं व इतरांनीं एकामागून एक आपापलें नाणें सुरू केलें. एके काळीं ते आपला रुपया मोजीत. आज आपण त्यांच्या दिरहमास चोविसांनीं गुणीत बसतों. काळाची गति ही अशी आहे.

आतां पगाराकडे वळूं. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहारीन व ओमान अशीं हीं सहा राज्यें. यांपैकीं कोणत्याही राज्यांत आज पगारावर आयकर नाहीं. ओमाननें २०२८ पासून पांच टक्के आयकर बसविण्याचें २०२५ सालीं जाहीर केलें. पण तो वर्षाकांठीं ४२,००० रियालांवरील उत्पन्नास लागावयाचा आहे, तेव्हां सामान्य शिक्षकास त्याची झळ पोहोंचण्याचा संभव नाहीं. ही झाली जमेची बाजू.

परंतु तेथें इंग्रजी शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांचे दोन वर्ग आहेत, हें जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलें नसतें. एक ब्रिटिश वा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांतील. दुबईसारख्या शहरीं अशा शिक्षकास साधारणतः महिना दहा ते पंधरा हजार दिरहम, शिवाय राहण्यास घर, वर्षाकांठीं मायदेशाचें विमानभाडें आणि बहुधा स्वतःच्या मुलांस फीची सवलत मिळते. दुसरा वर्ग भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांतील, म्हणजे आपला. तेथें तीन ते सहा हजारांच्या दरम्यान गाडें थांबतें. पहिल्या वर्गाच्या जाहिरातींत 'इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असाच' शिक्षक मागितलेला असतो आणि मातृभाषेची परीक्षा बहुतेक पासपोर्टावरून होते. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, अशी ती ठराविक यादी आहे.

आम्हांस हें एका परीक्षाकेंद्रावर कळलें. शेजारच्या टेबलावर एक आयरिश गृहस्थ पर्यवेक्षक होते. मोठे सज्जन. बोलतां बोलतां निघालें, कीं तेही आठवीच्या वर्गास तेंच व्याकरण शिकवितात, जें आम्ही शिकवीत होतों. पगाराची गोष्ट निघाली. त्यांचा पगार आमच्या चौपटीहून अधिक होता. ते गृहस्थ ओशाळले. आम्हीही विषय बदलला. त्या दिवशीं चहाचे पैसे त्यांनींच दिले.

पगार थोडा हें दुःख एकवेळ सोसवतें. परंतु त्या देशीं कुटुंब आणावयाचें, तर महिना ४,००० दिरहम, अथवा ३,००० व राहण्याची जागा, इतकें उत्पन्न दाखवावें लागतें. आम्ही तीन सहकाऱ्यांसह एका खोलींत राहत होतों. त्यामुळें आमची कन्या तिच्या चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत आम्हांस केवळ जुलै-ऑगस्टच्या सुटींत दिसली. एका सुटींत तिनें आम्हांस 'अहो' म्हणून हांक मारली आणि आईनें सांगितल्यावर 'बाबा' म्हटलें. त्या चार वर्षांत आम्हीं घरावरचें कर्ज फेडलें, हेंही खरें आहे. दोन्ही गोष्टी एकाच वहींत लिहावयास हव्यात, एवढेंच आमचें म्हणणें.

त्या सायंकाळीं आम्हीं ते पत्र घेऊन मुलीस कागद-पेन्सिल दिली व म्हटलें, "बाळ, गुणाकार झाला, आतां उरलेलें गणित कर." पत्रांत एकूण ४,००० दिरहम होते खरे, परंतु त्यांतील मूळ वेतन १,६०० होतें. बाकीचे २,४०० घरभाडें, प्रवास इत्यादि भत्त्यांचे. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणें वर्षभर नोकरी झालेल्या माणसास नोकरी सुटतांना जी रक्कम मिळते, ती पहिल्या पांच वर्षांसाठीं दरवर्षीं २१ दिवसांच्या व पुढें दरवर्षीं ३० दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. पांच वर्षांचे १०५ दिवस. मूळ वेतन १,६०० धरून ५,६०० दिरहम होतात. तेंच ४,००० असतें, तर १४,००० झाले असते. फरक ८,४०० दिरहमांचा. म्हणजे त्याच चोविसांच्या भावानें दोन लाख रुपयांवर. वडील बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

नंतर मध्यस्थाची गोष्ट. परदेशीं नोकरी लावून देणाऱ्यानें आपल्या केंद्र सरकारकडे नोंदणी केलेली असावी लागते व त्यास उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेतां येत नाहीं. अमिरातीचा कायदा तर नेमणुकीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मालकास मनाईच करतो. मग हे दीड लाख कशाचे? त्यांत त्यानें तिला सांगितलें होतें, कीं प्रथम भेटीच्या व्हिसावर जावें, मागाहून सारें होतें. भेटीच्या व्हिसावर नोकरी करणें हा तेथें गुन्हा आहे.

आम्हीं तिला तीन प्रश्न लिहून दिले. मध्यस्थाचा नोंदणीक्रमांक काय? मूळ वेतन वाढवून मिळेल काय? तेथील कामगार मंत्रालयाकडील प्रस्तावपत्र निघण्यापूर्वीं मिळेल काय? पहिल्या प्रश्नास उत्तर आलेंच नाहीं. मध्यस्थानें फोन उचलणें बंद केलें. उरलेले दोन तिनें थेट शाळेस विचारले. शाळेनें कळविलें, कीं आम्ही उमेदवाराकडून कांहींही घेत नाहीं. पदवीपत्रें सरकारी शिक्क्यांनिशीं प्रमाणित करून आणावींत व मूळ वेतन २,४०० करतां येईल. बाग गहाण पडली नाहीं. ऑगस्टच्या अखेरीस मुलगी गेली.

पुढील काळाविषयीं दोन शब्द. इंग्रजीची गरज तेथें कमी झालेली नाहीं. सौदी अरेबियानें २०२१ पासून ती पहिल्या इयत्तेपासून सुरू केली. परंतु हीं सर्व राज्यें आपापल्या नागरिकांस प्रथम नेमूं पाहत आहेत आणि तें योग्यच आहे. परक्याची नोकरी कराराच्या मुदतीपुरती असते. १९९० सालीं कुवेतवर आक्रमण झालें, तेव्हां सुमारें एक लक्ष सत्तर हजार भारतीयांस विमानांनीं परत आणावें लागलें. त्यांतील अनेकांची आयुष्याची पुंजी मागें राहिली. म्हणून तेथील मिळकत तेथेंच सांचवूं नये व येथील पात्रता जुनी होऊं देऊं नये.

विद्यार्थिमित्रांनो, आम्ही तुम्हांस जाऊं नका असें सांगत नाहीं. इंग्रजी चांगलें शिका. पण तें दुसऱ्यास शिकविण्याआधीं आपल्या नांवचें करारपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतां येण्याइतकें शिका. आणि पालकहो, आकड्यास चोविसांनीं गुणण्याची घाई झाली, म्हणजे हातांत एक पेन्सिलही घ्या.

दिवाळींत त्या मुलीचें पत्र आलें. "सर, खोलींत आम्ही चौघी आहों. पहिल्या महिन्यांत फार रडलें. पण कर्ज नाहीं, म्हणून झोंप लागते. दोन वर्षांनीं परत यावयाचें कीं राहावयाचें, हें मलाच ठरवितां येईल." तिच्या वडिलांनीं या मोसमांत आमच्या घरीं आंब्याची एक पेटी पाठविली. कलमें त्याच बागेचीं होतीं.