ज्योत हाताआड

चिकपेट, बंगळूर

ती. ताईस,

तू सांगितलेली दिवेवाल्या बाईची तसबीर मिळाली. अव्हेन्यू रोडच्या एका फ्रेमवाल्याकडे होती, वेंकटेश, लक्ष्मी आणि कन्नड नट राजकुमार यांच्या मधोमध टांगलेली. खालच्या पट्टीवर छापलंय ‘राजा रविवर्मा’. मी म्हटलं, अहो, रविवर्मा १९०६ साली गेले आणि हे चित्र १९४५-४६ चं, सा. ल. हळदणकरांचं. तर तो हसून म्हणाला, “सार, रविवर्मा म्हटलं की लवकर जातं.” यावर मी काय बोलणार? चिकपेटेत रोज कुठली तरी साडी भलत्याच गावाच्या नावावर खपते. पट्टी तेवढी कापायला लावली आहे.

हळदणकर सावंतवाडीचे. जे. जे. मध्ये शिकले, १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. आणि चित्रात दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी, गीताताई उपळेकर. त्या तर तुझ्याच कोल्हापुरात राहत होत्या. २०१८ साली वारल्या, एकशे दोन वर्षांच्या होऊन. म्हणजे तू भाजी घ्यायला जायचीस त्या गावात ही बाई हिंडतफिरत होती, आणि तिची तसबीर मात्र तू माझ्याकडून मागवतेस!

मूळ चित्र मी म्हैसूरला जगनमोहन पॅलेसात पाहिलं आहे. जाणारा-येणारा तिथे थबकतोच. पण ते जलरंगातलं आहे हे छापील कागदावर अजिबात कळत नाही. तेलरंगात चुकलं तर वरून पुन्हा रंग चढवता येतो, उजेड हवा तिथे पांढरा थापता येतो. पाण्याच्या रंगात ती सोय नाही. तिथे उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. कुठे रंग लावायचा नाही हे आधीच ठरवावं लागतं, आणि अंधार भोवतीनं हलक्या हातानं चढवत न्यावा लागतो. आपल्या पणजोबांचं रंगाऱ्याचं घर, तुला वेगळं सांगायला नको; बांधणीत जिथे गाठ बसते तिथेच पांढरं राहतं, नंतर धुऊन पांढरं करता येत नाही.

‘ग्लो ऑफ होप’ हे या चित्राचं जगभर झालेलं नाव मला मात्र कधी पटलं नाही. आशा वगैरे ठीक आहे, पण आधी ती बाई काय करते आहे ते बघ. एका हातात दिवा आहे आणि दुसरा हात ज्योतीला आडवा धरलाय. वाऱ्यानं विझू नये म्हणून. आई तिन्हीसांजेला देवघरातला दिवा तुळशीकडे न्यायची तेव्हा असाच हात धरायची आणि त्या वेळी तिच्याशी बोललेलं चालायचं नाही. हे घरकाम आहे गं, आणि लक्ष लावून करायचं काम. बघणाऱ्याला ज्योत नीट दिसतही नाही. दिसतो तो बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि खालून उजळलेला चेहरा. आपण साडीवाले, म्हणून माझी नजर आधी निऱ्यांवर गेली. दिव्याजवळच्या चुण्या उठून दिसतात, लांबच्या अंधारात विरतात. चित्रकारानं ज्योत जवळजवळ लपवली, म्हणून बाकीचं सगळं दिसलं.

असंच दुसरं एक चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. डेल्फ्टच्या वर्मीरनं १६६९-७० च्या सुमाराला काढलेली, लेस विणणारी पोरगी. मी ते फक्त पुस्तकात पाहिलंय. जेमतेम वितीएवढं, चोवीस सेंटिमीटर उंच. पोरगी मान खाली घालून टाचण्या आणि रिळांशी झटते आहे. पुढच्या उशीतून लाल-पांढरे धागे असे ओघळलेत की रंगच सांडलाय जणू. आणि ती जी लेस विणते आहे ती दिसतच नाही, बोटांआड राहते. या वर्मीरचा बाप रेशमी कापड विणणारा होता, हे वाचल्यापासून मला तो आपल्याच पेटेतला वाटतो.

हे सगळं सुचलं ते आमच्या हिच्यामुळे. तुला कल्पना आहेच, हल्ली पदराला गोंडे, इथल्या भाषेत कुच्चु, लावल्याशिवाय गिऱ्हाईक साडी नेसायला तयार नाही. दुकानं साडी विकतात. गोंडे होतात मागच्या गल्ल्यांतल्या घरांत, बायकांच्या मांडीवर. आमची हीसुद्धा करते. दुपारी मी जेवायला वर जातो तेव्हा खिडकीपाशी मांडीवर उशी, उशीवर पदर टाचलेला. रेशमाची लडी बोटांवर मोजून गुंडाळायची, पदराच्या काठातून सुईनं ओवून घ्यायची, वर जरीचा धागा आवळून मान बांधायची आणि खालून कात्रीनं सगळी टोकं एका पातळीत छाटायची. की पुढचा. रेशीम निसटतं, म्हणून गाठ मारताना एक टोक दातात धरते. तेवढ्यात मी “मीठ कुठंय?” विचारलं तर नुसती भुवई उचलून फळी दाखवते. या चेहऱ्याचं चित्र मी आजवर कुठे पाहिलेलं नाही. कांजीवरम नेसून, दागिने घालून बसलेल्या बायांची चित्रं मात्र या पेठेच्या भिंतीभिंतीवर आहेत.

वास्तववादी चित्रांची मला एक गंमत वाटते. काम दाखवायचं तर काम करणारीला थांबवावं लागतं. ती पोज देते. घामाचं काम चित्रकार करतो. हळदणकरांना घरचीच मुलगी मिळाली म्हणून बरं. आमच्या हिला मी परवा म्हटलं, जरा तशीच बस, फोटो काढतो. तर म्हणाली, “संध्याकाळी दोन पदर द्यायचेत, तुम्ही खाली जा.”

तेव्हा तुझ्याकडे एक मागणं आहे. तुझा धाकटा चित्रकलेच्या परीक्षेला बसतोय म्हणतेस, तर दिवाळीच्या सुट्टीत त्याला मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसवून दे. कागद, ब्रश त्यानं आणावेत. रेशमाच्या लड्या वाटेल त्या रंगाच्या इथे मिळतील. मामीला बसवून काढायचं नाही, एवढं त्याला आधीच बजाव. तिचे हात चालूच राहणार, त्यानं जमेल तसं गाठायचं. आणि लग्नसराईच्या आत ये म्हणावं, नंतर तिला मान वर करायला फुरसत नसते.

तुझा,
धाकटा भाऊ