माकूळ आणि दयाळ

कोंकणच्या समुद्रांतील माकूळ नांवाचा प्राणी आणि परसांतील दयाळ पक्षी यांची तुलना कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु सारा जन्म मुलें शिकविण्यांत गेल्यामुळें आम्हांस ती सुचली.

माकुळास हृदयें तीन. रक्त तांब्याच्या योगानें निळसर. त्यास कंठ नाहीं. त्वचेंतील रंगपेशी क्षणांत पसरून वा आकसून तो आपला भाव प्रकट करितो. ही विद्या त्यास उपजतच येते. शिकविणार तरी कोण? अंडीं घालण्याचा काळ सरला कीं आईबाप मरतात.

दयाळाचें तसें नाहीं. गाणाऱ्या पक्ष्यांचीं पिल्लें वडीलधाऱ्यांचे स्वर ऐकतात, अडखळत गुणगुणतात, आणि मग गातात. केंब्रिज येथील थॉर्प यांनीं १९५४ सालीं चॅफिंच पक्ष्यांविषयीं दाखविलें कीं, एकांतांत वाढलेल्या पिल्लाचें गाणें ओबडधोबडच राहतें.

मनुष्याचें मूल दयाळाच्या पंक्तींतलें. आमच्या घरांत आजहि माणसें पुष्कळ आहेत. पण प्रत्येकाचे डोळे आपापल्या यंत्राकडे. मुलांचा कंठ शाबूत आहे. त्यांच्या कानीं आम्ही काय घालतों, एवढाच प्रश्न उरतो.