क्लच

मोटारीचे कौतुक करणारे लोक एंजिनाचे कौतुक करतात. घोडे किती, पळते किती, हे विचारतात. क्लच कसा आहे, असे कुणी विचारलेले मी तरी ऐकले नाही. गाडी ओढेनाशी झाली म्हणजे मात्र त्या बिचाऱ्याचे नाव निघते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. २००१ साली औरंगाबादेजवळ शेंद्र्याला या कंपनीचा कारखाना निघाला आणि २००४ साली ही मोटार आपल्याकडे आली. टर्बोचे पेट्रोल एंजिन तेव्हा अपूर्वाईचे होते. १.८ लिटर आणि १५० घोडे. एवढ्यावर कुणाचेही भागावे. पण या मुलाला शाळेतही पुरवणी मागायची सवय होती! त्याने एंजिनाच्या संगणकातला हिशेब बदलून घेतला, टर्बोचा दाब वाढवला आणि १५० चे १९० झाले, असे तो सांगतो. क्लच मात्र १५० च्या बेताचाच राहिला.

पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाच्या चढाला त्याने मला गंमत दाखवली. चौथा गिअर टाकला आणि पाय पुरा दाबला. एंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांवरून सरसर साडेचारांवर गेला, गाडी मात्र आपल्या पहिल्याच चालीने चालली होती. मग तो उग्र, करपट वास आला. "सर, घसरतोय," तो म्हणाला. घरात तापाने फणफणलेल्या मुलाविषयी बोलावे तसा त्याचा आवाज होता.

माझे शास्त्र मॅट्रिकला संपले. पण उद्यमनगरातल्या मिस्त्रीने खोललेला क्लच फडक्यावर मांडला आणि मला समजेल असे सांगितले. एंजिनाबरोबर फ्लायव्हील फिरते. त्याला चिकटून क्लच प्लेट, आणि तिला मागून दाबणारी प्रेशर प्लेट. आपण पेडलवरचा पाय उचलला की ती चकती दोघांमध्ये चिमटली जाते आणि जोर चाकांकडे जातो. ही पकड तीन गोष्टींवर अवलंबून: स्प्रिंगचा दाब, अस्तराचा खरखरीतपणा आणि चकतीचा घेर. घेर फार वाढवायला आत जागाच नसते. दाब वाढवला की पेडल जड होते. अस्तर सिरॅमिकचे घातले तर ते आग सोसते, पण त्याला हळूहळू धरणे ठाऊक नाही. धरले की धरले. मग महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी वासरासारख्या उड्या मारणार. (फ्लायव्हीलही बदलावे काय, यावर तासभर वाद झाला, तो इथे सांगत बसत नाही.)

मुलाला सिरॅमिकच हवे होते. पुढे मोठा टर्बो बसवायचे त्याच्या मनात होते.

त्याचे वडील कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. तीस वर्षे त्यांनी एस.टी. चालवली, आता डावा गुडघा कुरकुरतो, तरी रविवारी ही गाडी तेच बाहेर काढतात. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, क्लच धरतोय म्हणून गाडी पळती हे खरं. पण भरलेली गाडी चढाला उठवताना त्यो जरा घसरतोय, म्हणून मागची पन्नास माणसं एकमेकांच्या अंगावर पडत न्हाईत." मग मुलाला नुसते विचारले, "मला चालवाय येईल काय रे ती?"

मिस्त्री पाने पुसू लागला. मुलगा बराच वेळ त्या उघड्या चकतीकडे पाहत राहिला.

शेवटी साध्याच अस्तराची प्लेट आणि किंचित कडक प्रेशर प्लेट बसली. १९० घोडे ती सांभाळते, त्यापुढे नाही. मोठ्या टर्बोचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

नवा क्लच बसला की पहिले सात-आठशे किलोमीटर गाडी हळुवार हाकायची असते. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांना घासून नीट बसावे लागतात. ते काम म्हाताऱ्याने आपल्याकडे घेतले. सकाळी सकाळी दोघे गारगोटीच्या रस्त्याला लागतात. वडील चालवतात, आणि मुलगा शेजारी बसून किलोमीटर मोजतो.