बोटीनं येणारा नाताळ

८ डिसेंबर

आज मरियामातेचा सण. वसईत आम्ही तो मिस्सेपुरता पाळायचो. इथे आयर्लंडमध्ये हा नाताळाच्या खरेदीचा दिवस, निदान एके काळी होता. शाळांना सुट्टी असायची आणि खेड्यापाड्यांतली माणसं आगगाडी पकडून डब्लिनला जायची. दुपारच्या चहाला आज्यांनी हाच विषय काढला. आमच्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या बाईलाही पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. ड्यूटीवर मी ती पाळते, वहीत मात्र त्या आज्याच.

वेक्सफर्डच्या आजी याच गावात, धक्क्याजवळच्या गल्लीत जन्मल्या. म्हणाल्या, "डब्लिन कसलं घेऊन बसलात! आम्हाला मेन स्ट्रीटसुद्धा परदेश वाटायचा." दुकानाच्या काचेला नाक लावून भावंडं खेळणी वाटून घ्यायची, ही बाहुली तुझी, तो घोडा माझा. भांडणंही व्हायची. त्यातलं काहीच घरी येणार नाही, हे सगळ्यांना माहीत असायचं. सँटी (सांताक्लॉजला इथली मुलं सँटीच म्हणतात) मोज्यात एक संत्रं, चार गोळ्या आणि फार तर एक पेन्सिल ठेवून जायचा. महायुद्धाच्या वर्षांत संत्रीही गायब झाली. ती पुन्हा दिसली तेव्हा धाकट्या भावानं सालीसकट चावा घेतला आणि सँटीनं फसवलं म्हणून भोकाड पसरलं.

१२ डिसेंबर

दुकानदाराच्या भेटीवर आज बरीच चर्चा झाली. वर्षभर वहीवर उधार नेणाऱ्या गिऱ्हाइकाला वाणी नाताळात एक मोठी मेणबत्ती, मनुकांचा पाव, जमलं तर चहाची पुडी द्यायचा. आज्यांपैकी दोघी त्याच्या उदारपणाबद्दल गहिवरून बोलल्या. न्यू रॉसच्या आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "उधारी थकली असेल तर मेणबत्ती बारीक यायची. ती खिडकीत लावली की सगळ्या गल्लीला आपला हिशेब कळायचा."

मला ही बाई आवडते.

१७ डिसेंबर

वेक्सफर्डला रेल्वेचे रूळ थेट धक्क्यावरून जातात. एका बाजूला स्लेनी नदीचं मुख आणि नांगरलेल्या होड्या, दुसऱ्या बाजूला दुकानं आणि मोटारी, मधून रोसलेअर बंदराची गाडी हळूहळू सरकते. आज वेक्सफर्डच्या आजींना चाकाच्या खुर्चीतून तिथे नेलं. पाऊस नव्हता, वारा मात्र कानाचे तुकडे पाडत होता. गाडी येईपर्यंत परतायचं नाही, असं त्यांनी निघतानाच बजावलं होतं.

गाडीची वाट पाहता पाहता त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. गावात पिअर्सचा कारखाना होता, नांगर आणि शेतीची अवजारं बनवणारा, पण सगळ्यांना पुरेल एवढं काम तिथे कुठून असणार? वडील इंग्लंडला गेले, कॉव्हेंट्रीला. त्या पिढीची ती रीतच होती. १९५० ते १९६० या काळात सुमारे चार लाख माणसं हा देश सोडून गेली आणि १९६१च्या शिरगणतीत लोकसंख्या जेमतेम अठ्ठावीस लाख भरली. आजींच्या वर्गात वडील घरी असलेली मुलं तेवढी भाग्यवान समजली जायची. दर आठवड्याला मनीऑर्डर आणि नाताळात खुद्द वडील, असा हिशेब. वेल्समधल्या फिशगार्डहून बोट रोसलेअरला लागायची, तिथून गाडी या धक्क्यावरून गावात. पोरं रुळांच्या कडेनं गाडीबरोबर पळत स्टेशनापर्यंत जायची. खिडकीत जो चेहरा ओळखीचा वाटे, त्याला हात करायचा, मग तो दुसऱ्याचा बाप निघाला तरी चालायचं.

वडील उतरायचे ते दोरी बांधलेली पुठ्ठ्याची सूटकेस घेऊन. घरात आले की धाकटा टेबलाखाली लपायचा, कारण हा माणूस कोण हे त्याला ठरवता यायचं नाही. त्याची भीड चेपायला आठवडा लागायचा, तोवर परतीची बोट आलेली असायची.

"एका वर्षी ते आले नाहीत. आई म्हणाली, समुद्र खवळलाय, बोट सुटलीच नाही." आजींनी रुळांकडे बोट दाखवलं. "पण मी इथेच उभी होते की. गाडी आली होती, माणसंही उतरली होती."

मी पुढे काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. थोड्या वेळानं आजची गाडी आली, दोनचार प्रवासी आत फोनमध्ये डोकं घालून बसलेले. आजींनी तरी हात केला. एका पोरानं उलट केलाही.

२१ डिसेंबर

सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळला. सकाळी साडेआठपर्यंत उगवलाही नव्हता. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं, घड्याळच बिघडलंय.

वाचनगटात क्लेअर कीगनची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' संपवली. ती घडते १९८५च्या नाताळात, न्यू रॉसमध्ये. एक कोळसाविक्या मठाच्या वखारीत कोंडलेली मुलगी पाहतो आणि आता काय करायचं, या पेचात सापडतो. अशा मठांतून चालणाऱ्या मॅग्डालेन लाँड्र्यांबद्दल मी इथे येण्याआधी काही ऐकलं नव्हतं. लग्नाआधी दिवस गेलेल्या किंवा नुसत्याच कुणाला नकोशा झालेल्या बायकांना तिथे विनामोबदला धुणं धुवायला लावत. शेवटची लाँड्री बंद झाली १९९६ साली, आणि पंतप्रधान एंडा केनी यांनी देशातर्फे माफी मागितली २०१३च्या फेब्रुवारीत. मी स्वतः कॅथलिक. नन्सच्या शाळेत शिकले, तिथे मला मायाच मिळाली. तरी हे वाचून त्या मायेकडे मी जरा वळून पाहते.

न्यू रॉसच्या आजी वाचनभर गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "नाताळाच्या आधी सगळं गाव घरं चुन्यानं रंगवायचं, चिमण्या झाडायचं, चादरी पांढऱ्याशुभ्र करायचं. चादरी कुठून पांढऱ्या होऊन येतात, कुणी विचारलं नाही. मीही नाही." साधा, गोड, जुना नाताळ म्हणून कुणी उसासा टाकला की यापुढे मला या चादरी आठवणार.

२४ डिसेंबर

रात्रपाळी. पूर्वी आज उपास असायचा. मांस वर्ज्य, म्हणून खारवलेली वाळकी मासळी, पांढरा सॉस आणि बटाटे. मुलांना तिचा वास अजिबात सोसायचा नाही. मला मात्र ऐकूनच भूक लागली. वसईतल्या पाचूबंदरच्या वाळवणाचा वास ज्याच्या नाकात आहे त्यानं नाक मुरडायचं कसं?

मग खिडकीतली मेणबत्ती. जोसेफ आणि मरियेला कुणी जागा दिली नाही, आमच्याकडे आहे, असं सांगणारी. ती पोखरलेल्या सलगमात नाहीतर वाळू भरलेल्या जॅमच्या बरणीत रोवायची आणि घरातल्या सगळ्यांत लहान मुलानं पेटवायची. आमच्याकडे आगीच्या नियमांमुळे खरी मेणबत्ती बंद, बॅटरीची लावतात. सगळ्यांत लहान कोण, तर स्वयंपाकघरातला एकोणीस वर्षांचा मदतनीस. त्यानं लाजत लाजत बटण दाबलं. "देवा रे," वेक्सफर्डच्या आजी म्हणाल्या, "अशी मेणबत्ती बघून जोसेफ पुढच्या घरी जाईल."

मध्यरात्रीची मिस्सा हल्ली बऱ्याच ठिकाणी संध्याकाळीच उरकते. इथले आजोबा टीव्हीवर पाहतात.

२६ डिसेंबर

सकाळी किलमोर गावी गेले. तिथल्या चर्चमध्ये नाताळाच्या बारा दिवसांत जुनी कॅरल्स गातात. सहा पुरुष, तीन-तीनच्या दोन फळ्या, एक कडवं यांनी, पुढचं त्यांनी, वाद्य एकही नाही. काही गाणी बिशप लूक वॉडिंग यांच्या १६८४च्या संग्रहातली. कॅथलिकांवर इंग्रजी कायद्यांचा वरवंटा फिरत होता त्या काळातली ही गाणी. चाल इतकी संथ की प्रथम कंटाळा आला, खोटं कशाला सांगू. मग माझा श्वासही त्यांच्याबरोबर लांबायला लागला. आमच्या फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६चं, म्हणजे त्याहून जुनं. पण अख्ख्या गावानं दरवर्षी सहा जणांच्या गळ्यातून ते ऐकायचं, असं आपण कुठे केलंय?

६ जानेवारी

आज सजावट उतरली. नैर्ऋत्येकडच्या केरीच्या आजी नव्यानं आल्या आहेत. त्यांच्याकडे आज बायकांचा नाताळ. पुरुषांनी बटाटे सोलायचे, भांडी घासायची, आणि बायकांनी शेजारणीकडे चहा-केक झोडायचा. त्यांचे वडील वर्षातून एकदाच चूल पेटवायचे आणि त्या धुरात दिवसभर शिव्या द्यायचे.

वेक्सफर्डच्या आजींनी हे कधी ऐकलंच नव्हतं. "आमच्या गल्लीत कुठून व्हायचं हे? ६ तारखेपर्यंत पुरुष सगळे बोटीवर."

केरीच्या आजींनी यावर फार विचार केला नाही. पिअर्समध्ये उभी हयात काढलेल्या आजोबांना त्यांनी हाक मारली आणि चहाचा ट्रे त्यांच्या हातात दिला. आजोबांनी अर्धा चहा बशांत सांडला, साखर विसरले, आणि दोघी त्यांना परत पाठवत राहिल्या.